सातव्या जागेच्या वेण्या

शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी कासिवाने नेकेसाच्या मानेवरचे केस शेपटीच्या कंगव्याने दुभागले आणि पहिली वेणी धरली. शटर अर्धंच वर होतं. बाहेर नमांगा रोडवरून सिमेंटचे ट्रक नैरोबीकडे चालले होते आणि प्रत्येक ट्रकागणिक आरशाखालच्या तेलाच्या बाटल्या किणकिणत होत्या.

"ताई, बाकीच्यांपेक्षा जरा बारीक घाल हं," नेकेसा म्हणाली. "सगळ्यांचा रंग एकच, कापड एकच. फोटोत मी कुठली ते कळायचं नाही."

"किती बारीक?"

"बुटाच्या नाडीएवढी."

अशा वेळी कासिवा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते. एवढ्या बारीक वेण्या म्हणजे दुपारचा एक. तुला दहाला निघायचंय, जाड घे. कितेंगेला गावात तिचं नाव झालं ते हातापेक्षा या सांगण्यामुळे. अर्ध्या डोक्याने कुणाला लग्नाला जावं लागलं असं तिच्या दुकानातून कधी झालेलं नाही. गाडी दहाला सुटणार हे तिला माहीत होतं. दहा म्हणजे दहा, न आलेल्यासाठी थांबायचं नाही, हा नियम झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत ती स्वतः होती.

"चालेल," कासिवा म्हणाली.

एवढंच. खोटं काही बोलली नाही.

झांजिबारची ही सहल मुळात कासिवाच्या खुर्चीत जन्मली. वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात, आणि एवढा वेळ माणूस गप्प बसत नाही. दार-एस-सलामला मुलगी दिलेली एक बाई सांगून गेली की फेरीबोटीला शेजारच्या देशांतल्या लोकांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पडतं. कुणी सांगितलं की बेटाच्या पूर्वेला जांबियानीत हॉटेल घेऊच नका, मागच्या गल्लीत विहिरीजवळ चुलीसकट घर मिळतं. मासळी कुठल्या वेळी किनाऱ्यावर उतरते, तिथल्या मक्याच्या पिठाची उगाली, म्हणजे रोजचा घट्ट शिजवलेला गोळा, कशी चिकट होते आणि म्हणून आपलं पोतं बरोबर न्यावं, हेही असंच कुणाकुणाच्या डोक्यावरून कासिवाच्या कानात आलं होतं. तिने ते सगळं जुळवून भिशीच्या बैठकीत मांडलं. इकडे भिशीला चामा म्हणतात. त्यांच्या चामात तेव्हा सात बायका होत्या आणि भाड्याची गाडी चालवणाऱ्या गाथोगोच्या गाडीत त्याला सोडून सात जागा. मुद्दाम मोजून केल्यासारखं.

मग आठवी आली. नेकेसा, औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणारी, सगळ्यांत लहान, गावात नवी. तिला घेतलं तेव्हाच सांगितलं होतं की सहलीत जागा नाही, पुढच्या वर्षी बघू. ती हसून हो म्हणाली होती.

चामाची बैठक दर रविवारी तीनला, पेट्रोल पंपामागच्या चर्चच्या खोलीत. न कळवता तीनदा गैरहजर राहिलं की चालू गोष्टीतला हक्क जातो. हा नियम अध्यक्षबाई वैरुरीचा. वैरुरी अंड्यांची घाऊक विक्री करते आणि तिच्या हातून आजवर एक अंडं फुटलेलं कुणी पाहिलेलं नाही. कासिवा ओळीने तीन रविवार गेली नाही. रविवारी दुपारी लग्नांची डोकी येतात. त्यांतल्या एका लग्नातली तर पाच डोकी चामातल्याच नासिएकूच्या घरची होती. फोन वाजत होता, पण दोन्ही हात तेलाने माखून कुणाच्या तरी केसांत अडकलेले. चौथ्या रविवारी ती गेली तेव्हा निर्णय झालेला होता. सातवी जागा नेकेसाची.

"नियम तुझ्यासाठी वाकवला तर उद्या प्रत्येकीसाठी वाकवावा लागेल," वैरुरी म्हणाली होती. "पण एक करते. निघायच्या दिवशी कुणी आलं नाही तर त्या जागेवर पहिला हक्क तुझा."

त्या चौथ्या रविवारच्या आदल्या रात्रीच कासिवाने मावसबहिणीकडून स्वतःच्या वेण्या घालून घेतल्या होत्या. सहलीचा ठरलेला रंग, वाइनसारखा गडद लाल. आता त्या उसवायच्या तर पुन्हा अर्धा दिवस जाणार, म्हणून तशाच राहिल्या. दूधवाला विचारायचा, कधी निघणार? भाजीवाली विचारायची, आमच्यासाठी काय आणणार? सहलीचा पोशाखही शिवून आलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुकानाच्या दारामागे टांगलेला. बाकाखाली बॅग भरलेली होती. ती आधीच भरून ठेवली होती, फक्त उपसली नाही, असं कासिवा स्वतःला सांगत असे.

साडेसातला नेकेसाने चहा मागवला आणि मंदाझीचे गोड वडे खाल्ले. कासिवाने एकच घेतला.

"ताई, समुद्र अगदी निळा असतो म्हणे तिथे?"

"म्हणे."

"तुला माहीत असेल. तूच तर सगळं शोधलंस."

"मला माहीत आहे तेवढं सांगितलंय बैठकीत. मान खाली."

"दुखतंय जरा."

"बारीक वेणी ओढावी लागते."

बारीक वेणी थोडी ओढावी लागते, हे खरं. कासिवा ओढत होती ते त्याहून किंचित जास्त होतं. नेकेसाने खुर्चीचा हात घट्ट धरला. तिच्या केसांना वास होता औषधाच्या दुकानातल्या कसल्याशा महागड्या साबणाचा. टाळू तुकतुकीत, केस मऊ, मुळांशी कुठे तुटलेले नाहीत. अशा डोक्यावर हात आपोआप भराभर चालतो. कासिवाला त्याला लगाम घालावा लागत होता, आणि लगाम घालण्याचेच श्रम होत होते.

आरशात तिला दोघी दिसत होत्या. एक बसलेली, तिशीच्या आतली, डोळे मिटून समुद्र बघणारी. दुसरी उभी, ॲप्रनमध्ये, डोक्यावर त्याच रंगाच्या वेण्या, पण कुठेही न निघालेली. हिला काय ठाऊक त्या घराचं, त्या विहिरीचं, त्या बोटीचं? तयार ताटावर येऊन बसली. हा विचार कासिवाच्या मनात सकाळपासून इतक्यांदा आला होता की आता तो वेणीच्या तीन पदरांसारखा आपला आपण गुंफला जात होता.

साडेनऊला नेकेसाने डोळे उघडले आणि हात मागे नेला. डाव्या बाजूला बोटांना वेण्या लागल्या. उजव्या बाजूला नुसते पिंजारलेले केस.

"ताई, झालं ना?"

"होतंय."

"अर्धंच झालंय."

"बारीक मागितल्यास तू."

नेकेसाने आरशात तिच्याकडे पाहिलं. मग मान पुन्हा खाली घातली.

दहाला पाच मिनिटं असताना गाथोगोची पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. टपावर पातेली, कांद्यांची पिशवी आणि जेरीकॅन. आत पाच बायका, एकाच कापडात, एकाच रंगाच्या वेण्यांत. सगळी डोकी याच आठवड्यात कासिवाच्या हाताखालून गेलेली. वैरुरी पुढच्या सीटवरून उतरली आणि शटरखालून वाकून आत आली.

"हे काय?"

वैरुरीने पिंजारलेल्या बाजूला बोट लावून पाहिलं.

"नेकेसा, दहा वाजतायत."

"मला माहीत आहे," नेकेसा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "डोक्याला फडकं बांधून येते."

"आणि सीमेवर काय दाखवणार? पासपोर्टवरचा फोटो एका बाजूने तुझा आणि दुसऱ्या बाजूने मेंढीचा?" नासिएकू गाडीतूनच ओरडली. बाकीच्या हसल्या.

कासिवा हसली नाही. तिचा एक हात नेकेसाच्या केसांत होता. दुसरा नुसता लोंबत होता, आणि त्याच्या बाजूला, बाकाखाली, बॅगेचा पट्टा दिसत होता. वैरुरीने तो पाहिला का, हे तिला कळलं नाही. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात दहाला एकच मिनिट कमी होतं, म्हणजे खरी अजून तीन मिनिटं. नियम नियम आहे. तीन मिनिटांनी वैरुरीला तोंडाने म्हणावं लागेल, जागा कासिवाची.

वैरुरी घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "गाडी दहाला सुटली पाहिजे, असा नियम आहे. वेण्या कुठे बसून घालायच्या याचा नियम नाही. कासिवा, सामान घे. सीमेवर, नमांगापर्यंत हात चालव. तिथून मटाटूच्या गाडीने परत ये, भाडं चामा देईल."

"मी? दुकान कोण बघणार?"

"तुझ्या दुकानात आत्ता गिऱ्हाईक एकच आहे आणि ते आमच्या गाडीत असणार."

गाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कासिवाने खण उघडला. कंगवे, चिमटे, उरलेल्या लाल केसांचे जुडगे, फेसाची बाटली. त्या सगळ्याखाली पासपोर्ट होता. बॅग घेतली असती तर सगळ्यांना दिसली असती. पासपोर्ट ॲप्रनच्या खिशात मावला. का घेतला, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण कुणी पाहिलंच नाही. कपड्यांचं काय, कुणाचेही अंगावर चढवता येतात.

गाडी बरोबर दहाला सुटली.

मधल्या ओळीत नेकेसा पायपुसण्यासारखी खाली बसली आणि तिच्या मागे, पिठाच्या पोत्यावर, कासिवा. नेकेसाची मान कासिवाच्या पोटाशी टेकली. रस्ता सरळ होता, पण गाथोगो प्रत्येक गतिरोधकावर गाडी उडवायचा आणि दर वेळी वेणीचा एखादा पदर सुटायचा.

"हळू चालव रे, हिच्या डोक्यावर नांगरट चाललीय," नासिएकू म्हणाली.

"नववं माणूस घेतलंत वर तक्रार करताय," गाथोगो म्हणाला. "इसिन्यापुढे तपासणी असते. पोत्यावरची बाई खाली वाकेल."

इसिन्यापुढे खरंच अडथळा दिसला. कासिवा पोत्याच्या मागे आडवी झाली, पण हातातली वेणी सोडली असती तर ती मुळापासून पुन्हा घालावी लागली असती. म्हणून हात तेवढा वर राहिला.

"विचारलं तर हा हात माझा आहे म्हणून सांगेन," नासिएकू म्हणाली. "तिसरा."

पोलिसाने कागद बघितले, बायकांच्या एकसारख्या डोक्यांकडे बघितलं, "गायनमंडळ का?" असं विचारलं, आणि सोडून दिलं. पुढचा अर्धा तास गाडीत हसू आवरत नव्हतं. कासिवाही हसली. आणि हसता हसता तिला कळलं की असंच सात दिवस चालणार आहे. यातलं आपल्या वाट्याला नमांगापर्यंतचंच आहे.

काजियाडो मागे पडलं. मोकळं माळरान, बाभळी, लांबवर गायींचे कळप. गप्पा जांबियानीवर आल्या.

"कासिवा, ते घर विहिरीच्या उजवीकडे की डावीकडे?" वैरुरीने पुढून विचारलं.

कासिवाने वेणीची गाठ पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिलं. डावीकडे म्हणाली असती तर सात बायका, एक पोतं आणि पातेली घेऊन उन्हात चुकीच्या गल्लीत फिरल्या असत्या. ते चित्र तिने नीट डोळ्यांसमोर आणलं.

"उजवीकडे," ती म्हणाली. "निळं दार. मालकिणीचं नाव बी मवानशा. आधी सासूची चौकशी करा, मग भाड्याचं बोला."

"आणि मासळी?"

"पाणी ओसरताना. पहिल्या होडीची घेऊ नका, ती हॉटेलवाल्यांची. तिसऱ्या-चौथ्या होडीला भाव उतरतो."

"हिला न्यायलाच हवी होती," मागून कुणीतरी म्हणालं. "कासिवाशिवाय आपण तिथे बावळटासारख्या फिरणार."

"सगळं कासिवाताईलाच विचारा," नेकेसा एकदम म्हणाली. तिचं तोंड गुडघ्यांकडे होतं, त्यामुळे आवाज दबून आला. "मला कुणी काही विचारूच नका."

"तुला काय विचारायचं?"

"काहीतरी. मी काय फक्त जागा भरायला आलेय?"

"तू फोटो काढ," नासिएकू म्हणाली. "तुझा फोन चांगला आहे."

बायका पुन्हा हसल्या. कासिवाच्या बोटांखाली नेकेसाची टाळू ताणली गेली, माणूस दात आवळतं तेव्हा ताणते तशी. डोक्यावर हात असला की चेहरा बघावा लागत नाही. हिला माझा हेवा वाटतोय, कासिवाच्या लक्षात आलं. जागा हिची, पासपोर्टवर शिक्का हिचा, समुद्र हिचा, आणि तरी ही माझा हेवा करतेय. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिला वाटलं, हेव्याच्या बदल्यात हेवा. पण मी नमांगाला उतरणार आहे आणि ही उतरणार नाही.

बिसिल गेल्यावर तिने हात खरा चालू दिला. आता हळू करण्यात अर्थ नव्हता.

साडेबाराला नमांगा आलं. डोंगराच्या पायथ्याशी सीमेची इमारत, मण्यांच्या माळा घेऊन धावत येणाऱ्या मासाई बायका, ट्रकांची रांग. शेवटच्या चार वेण्या रांगेत उभ्याउभ्याच झाल्या. मग चहाच्या टपरीवरून थर्मासभर उकळतं पाणी आलं. वेण्यांची टोकं गरम पाण्यात बुडवली की ती बंद होतात, सुटत नाहीत. हे शेवटचं काम. कासिवा एकेक जुडगं पाण्यात बुडवून फडक्याने टिपत होती. मानेजवळची एक वेणी तिने हातात घेतली, बघितली आणि कोरडीच सोडून दिली. खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत ती उसवायला लागली असती. एकच. कुणाला दिसली नसती.

वैरुरीने पासपोर्ट गोळा केले, पिवळी लसीकरणाची कार्डं वर ठेवली आणि कासिवाकडे वळली. ती मनापासून खूश होती.

"कमाल केलीस. तुझा पासपोर्ट बरोबर असता ना, तर तुला आत्ता पिठाच्या पोत्यावर बसवून थेट दार-एस-सलामला नेली असती. नियम गेला खड्ड्यात."

"खरंच गं," नासिएकू म्हणाली. "पोतं तर रिकामंच होत जाणार."

"आणायचा होतास," आणखी कुणीतरी म्हणालं.

कासिवाचा हात ॲप्रनच्या खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काढून दाखवला असता तर कदाचित नेलीही असती. आधी जोरात ओरडल्या असत्या, गळ्यात पडल्या असत्या. मग अरुशाच्या अलीकडेच कुठेतरी वैरुरीने, जिच्या हातून अंडं फुटत नाही, विचार केला असता. सकाळी दुकानातून निघताना हिने पासपोर्ट का घेतला? कधीपासून तयार होता? आणि मग त्या पिंजारलेल्या अर्ध्या डोक्याचा हिशेब लागला असता. नऊ वर्षांत जिच्या खुर्चीतून कुणी अर्ध्या डोक्याने उठलं नाही, तिच्या हातच्या.

"घरी आहे," कासिवा म्हणाली. "खणात."

"तरी म्हटलं," वैरुरी म्हणाली, आणि खिडकीकडे गेली. बाकीच्या तिच्या मागे गेल्या.

नेकेसा मागे राहिली. तिने वेण्या पुढे घेतल्या, मागे टाकल्या, मानेशी हात नेला आणि एकेक टोक बोटांनी चाचपत गेली. कोरडी वेणी सापडली तशी थांबली.

"ही राहिली."

"राहिली वाटतं," कासिवा म्हणाली. थर्मासमध्ये अजून पाणी होतं. तिने झाकण उघडलं नाही.

"असू दे, ताई." नेकेसाने ती वेणी बाकीच्यांत सोडून दिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या खिशातलं पुस्तक काजियाडोपासून माझ्या मानेला टोचत होतं."

कासिवाने ॲप्रनचा खिसा हाताने झाकला.

"मी त्यांना सांगणार नाही," नेकेसा म्हणाली. "सांगितलं असतं तर त्यांनी तुला नेलं असतं. मग सात दिवस 'कासिवाला विचार, कासिवाला विचार'."

"वेणी दे इकडे. बुडवून देते."

"नको. समुद्रात बुडवीन."

ती खिडकीकडे गेली. तिचा नंबर शेवटचा होता. शिक्का बसला तो आवाज टपरीपर्यंत आला. पांढरी गाडी पलीकडच्या बाजूला गेली, टपावरच्या पातेल्यांवर ऊन चमकलं, आणि ती ट्रकांमागे दिसेनाशी झाली. मणी विकणाऱ्या एका बाईने कासिवाच्या वेण्यांकडे बघून विचारलं, "तुमची गाडी चुकली का?"

"नाही," कासिवा म्हणाली.

परतीच्या मटाटूत तिला खिडकीची जागा मिळाली. पासपोर्ट खिशातच होता. तो काढून बघावासा वाटला नाही. कितेंगेला जवळ आलं तेव्हा फोन वाजला. चामाच्या गटावर फोटो आला होता. सीमेपलीकडे, डोंगर मागे, सात बायका एकाच कापडात आणि एकाच रंगात. नेकेसा कुठली ते लगेच कळत होतं. सगळ्यांत बारीक, सगळ्यांत सुरेख वेण्या तिच्या होत्या. इतक्या सारख्या वेण्या कासिवाने कितीतरी दिवसांत घातल्या नव्हत्या. खाली नासिएकूने लिहिलं होतं, आमच्या कारागिरीणबाईंना सलाम. सातही जणींनी त्याखाली लाल बदाम टाकले होते. नेकेसानेसुद्धा.

दुकान उघडून कासिवाने कंगवे खणात ठेवले, वर पासपोर्ट ठेवला. बाकाखालची बॅग ओढून काढली आणि उपसली. दारामागचा पोशाख तसाच राहू दिला. मग तिने उद्या दुपारी तीनला येणाऱ्या नवरीच्या मावशीला फोन लावला.

"तीनला नाही जमणार. पाचला या."

"का हो? रविवारी तर तुम्ही दिवसभर असता."

"उद्या बैठक आहे."

उद्या रविवार. तीन वाजता पेट्रोल पंपामागच्या चर्चच्या खोलीत चामाची बैठक आहे. ती रद्द झाल्याचं कुणी कळवलेलं नाही, येत नसल्याचं सातांपैकी एकीनेही कळवलेलं नाही, आणि न कळवता गैरहजर राहण्याचा नियम वैरुरीचाच आहे. उद्या तीन ते पाच कासिवाचं दुकान बंद राहील.